1979 ची प्रवक्ती, 2017 ची उपराष्ट्राध्यक्ष: एब्तेकार बाईंचं काय करायचं?

इराणच्या बायकांबद्दल आपल्याकडे लिहायचं म्हटलं की दोनच साचे तयार असतात. एक म्हणजे बिचाऱ्या, दबलेल्या, काळ्या कपड्यात गुंडाळलेल्या, आणि दुसरा म्हणजे रस्त्यावर हिजाब जाळणारी वाघीण. मासूमेह एब्तेकार या बाई दोन्ही साच्यात बसत नाहीत, म्हणून मला त्यांच्याबद्दल लिहावंसं वाटतंय. काळी चादर, म्हणजे डोक्यापासून पायापर्यंतचं इराणी वस्त्र, त्या स्वखुशीने घालतात, इम्युनॉलॉजीत पीएचडी आहे, तेहरानच्या तरबियत मोदर्रेस विद्यापीठात शिकवलंय, इस्लामिक रिपब्लिकच्या पहिल्या महिला उपराष्ट्राध्यक्ष होत्या, दोन वेगवेगळ्या राष्ट्राध्यक्षांच्या हाताखाली मिळून सोळा वर्षं त्या पदावर होत्या, आणि त्याच बाई एकोणीस वर्षांच्या असताना अमेरिकन दूतावासात 52 माणसं ओलीस धरणाऱ्यांच्या वतीने टीव्हीवर येऊन बोलत होत्या. आता या सगळ्याची बेरीज काय येते?

परदेशात राहणारे बरेचसे इराणी म्हणतात शून्य, उलट वजाबाकीच. सुधारणावादी मंडळी म्हणतात की बाईंनी जमेल तेवढं केलं. मला दोन्ही उत्तरं आळशी वाटतात. बाई सत्तेत राहिल्या हा माझ्या मते त्यांचा गुन्हाच नाही, पण ज्या गोष्टीने त्यांचं सगळं नंतरचं काम अडवलं ती गोष्ट उभी राहत असताना त्या स्वतः तिचा आवाज होत्या, आणि त्याचा हिशोब त्यांनी कधी दिला नाही. हे नीट मांडायचं तर 1979 पासूनच सुरुवात करावी लागेल.

4 नोव्हेंबर 1979 ला विद्यार्थी दूतावासात घुसले. एब्तेकार पहिल्या दिवशी भिंतीवरून चढणाऱ्यांत नव्हत्या, त्यांना काही दिवसांनी बोलावलं गेलं आणि कारण एकदम साधं होतं, त्यांना फर्डं इंग्रजी येत होतं. वडील शिकायला अमेरिकेत होते तेव्हा त्यांचं लहानपण फिलाडेल्फियात गेलेलं, त्यामुळे उच्चारसुद्धा अमेरिकन. अमेरिकन घराघरात रात्री टीव्ही लावला की ही डोक्याला स्कार्फ बांधलेली मुलगी दिसायची, तिथल्या मीडियाने तिला "मेरी" करून टाकलं. 444 दिवस तो प्रकार चालला. ओलिसांना सोडवायला निघालेलं अमेरिकन मिशन एप्रिल 1980 मध्ये तबसच्या वाळवंटात फसलं, आठ अमेरिकन सैनिक मेले, कार्टर निवडणूक हरले, हे सगळं आपल्याला अमेरिकेच्या बाजूने माहीत असतं.

पण इराणच्या आत काय झालं ते बघा. दूतावास ताब्यात गेल्यावर दोन दिवसांत, म्हणजे 6 नोव्हेंबरला, राजाला, म्हणजे शहाला हटवणाऱ्या क्रांतीनंतर आलेलं मेहदी बाझरगान यांचं हंगामी सरकार गेलं. बाझरगान म्हणजे इंजिनिअर, देवभक्त माणूस, शहाच्या तुरुंगात राहून आलेला, पण कायद्याने चालायचं म्हणणारा. ओलिसांना सोडा हे देशाचा पंतप्रधान सांगतोय आणि विद्यार्थी ऐकत नाहीत, कारण वर क्रांतीचे सर्वोच्च नेते खोमेनींनी पाठ थोपटली आहे. तिथे एक पायंडा पडला तो असा की निवडलेलं किंवा नेमलेलं सरकार एक गोष्ट ठरवेल आणि सरकारबाहेरची, क्रांतीचं नाव घेणारी माणसं ती मोडतील आणि त्यांना कोणी हात लावणार नाही. पुढे चाळीस वर्षं इराणमधल्या प्रत्येक मवाळ सरकारचा गळा ह्याच दोरीने आवळला गेलाय.

आणि आणखी एक गोष्ट त्याच 444 दिवसांतली. फर्रुखरू पारसा, इराणच्या पहिल्या महिला मंत्री, 1968 पासून शिक्षणखातं सांभाळलेल्या, पेशाने डॉक्टर, त्यांना मे 1980 मध्ये गोळीबार पथकासमोर उभं केलं गेलं. दूतावासात तेव्हा ओलीस होतेच. म्हणजे देशातली पहिली महिला मंत्री मारली जात होती तेव्हा देशातली पुढची पहिली महिला उपराष्ट्राध्यक्ष त्याच क्रांतीची बाजू इंग्रजीत जगाला समजावत होती. दोन्हीचा थेट संबंध नाही हे मान्य, पारसांच्या मृत्युदंडात एब्तेकारांचा काही हात होता असं कोणीही म्हणत नाही, मीही नाही. पण इराणच्या राजकारणातल्या बायकांचा इतिहास लिहायचा तर ही दोन पानं शेजारी शेजारीच येतात, त्याला काय करणार.

यात गंमत म्हणा किंवा शोकांतिका म्हणा, दूतावास घेणारी हीच पोरं पुढे सुधारणावादी झाली! अब्बास अब्दी, मोहसेन मीरदामादी, इब्राहीम असगरजादे. अब्दी 2002 मध्ये तुरुंगात गेले, मीरदामादी 2009 च्या आंदोलनानंतर गेले. ज्या यंत्रणेला त्यांनी तरुणपणी बळ दिलं त्याच यंत्रणेने त्यांना आत टाकलं. एब्तेकार मात्र कधी आत गेल्या नाहीत, त्या वर गेल्या.

1997 ला सुधारणावादी मोहम्मद खातमी राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आले, साधारण 70 टक्के मतं घेऊन, आणि त्यात बायका आणि तरुणांचा मोठा वाटा होता. बायकांना काहीतरी द्यायला हवं हे उघड होतं. खातमींनी एब्तेकारांना उपराष्ट्राध्यक्ष केलं आणि पर्यावरण खातं दिलं. इथे जरा थांबून हे पद काय असतं ते बघायला पाहिजे कारण बातम्यांत "उपराष्ट्राध्यक्ष" ऐकलं की आपल्याला वाटतं राष्ट्राध्यक्षाच्या खालोखाल दुसरं कोणी नाही. तसं नाहीये. इराणमध्ये एकाच वेळी बरेच उपराष्ट्राध्यक्ष असतात, कोणाकडे पर्यावरण, कोणाकडे अणुऊर्जा. मंत्री करायचा तर मजलिसमध्ये, म्हणजे संसदेत विश्वासमत घ्यावं लागतं, उपराष्ट्राध्यक्षाला ते लागत नाही, राष्ट्राध्यक्षाने सही केली की झालं. त्यामुळे बाईला कॅबिनेटच्या फोटोत आणायचा हा सगळ्यात सोपा रस्ता. संसदेतल्या कट्टर मंडळींशी भांडण नको, मुल्लांची नाराजी नको. पण जी खुर्ची भांडण न करता मिळते तिला वजनही तेवढंच असतं.

आणि सगळ्यात झोंबणारी गोष्ट पुढे आहे. बायकांच्या मतांवर आलेल्या खातमींनी आठ वर्षांत एकही महिला मंत्री केली नाही. नंतरचे मवाळ राष्ट्राध्यक्ष रूहानी यांनीही आठ वर्षांत नाही. मग इस्लामिक रिपब्लिकची पहिली महिला मंत्री कोणी केली? कट्टरपंथी राष्ट्राध्यक्ष अहमदीनेजादने! 2009 मध्ये मर्झिये वहीद दस्तजेर्दी आरोग्यमंत्री झाल्या. त्याने तीन बायकांची नावं पाठवली होती, दोघींना मजलिसने पाडलं, एक निघाली. (तिलाही 2012 च्या शेवटी त्यानेच काढलं, औषधांच्या आयातीला पैसे देत नाही म्हणून ती उघड बोलली तेव्हा. पण तरी.) सुधारणावाद्यांनी याचं उत्तर आजवर धड दिलेलं नाही. आमच्याकडे बहुमत नव्हतं असं म्हणावं तर 2000 ते 2004 ची मजलिस त्यांचीच होती की.

त्या मजलिसबद्दलही सांगायला हवं कारण एब्तेकारांना मोजायचं तर शेजारी कोणाला तरी उभं करावं लागेल. फातेमेह हकीकतजू त्या मजलिसमध्ये तेहरानहून निवडून आल्या होत्या, तिशीतली बाई, धडाधड बोलणारी, खासदार असताना भाषणासाठी कोर्टाने शिक्षा सुनावलेली. त्या काळात तेरा बायका मजलिसमध्ये होत्या आणि त्यांनी कामं केली, नाही असं नाही. मुलींच्या लग्नाचं वय नऊवरून पंधरा करायचा कायदा केला, गार्डियन कौन्सिलने अडवला, शेवटी 2002 ला तडजोड होऊन तेरावर थांबलं. बायकांवरचा भेदभाव संपवायच्या आंतरराष्ट्रीय कराराला मान्यता दिली, गार्डियन कौन्सिलने तीही फेटाळली. ही गार्डियन कौन्सिल म्हणजे बारा जण, सहा मौलवी थेट सर्वोच्च नेत्याने नेमलेले, सहा कायदेपंडित न्यायव्यवस्थेच्या प्रमुखाने सुचवलेले, आणि तो प्रमुखही सर्वोच्च नेत्यानेच नेमलेला. कायदा अडवायचा अधिकार त्यांना, उमेदवार बाद करायचाही त्यांनाच. शेत तुमचं, पेरणीही तुम्हीच करायची, पण पाटाचं पाणी सोडणारा पाटकरी भलत्याचाच माणूस, तर पीक काय येणार?

2004 च्या निवडणुकीआधी याच कौन्सिलने दोन हजारांवर उमेदवार बाद केले, त्यात ऐंशीच्या वर विद्यमान खासदार. शंभराहून जास्त खासदारांनी राजीनामे दिले, धरणं धरलं, आणि ज्यांचा राजीनामा सगळ्यात आधी मंजूर झाला त्या हकीकतजू. नंतर त्या अमेरिकेत गेल्या. एब्तेकार त्या वेळी कॅबिनेटमध्येच होत्या, तिथेच राहिल्या.

आता सोपं आहे म्हणणं की एक शूर आणि एक लाचार. मला तसं वाटत नाही. हकीकतजूंचं राजीनाम्याच्या वेळचं भाषण आजही वाचलं जातं, पण त्यांच्या राजीनाम्याने काय बदललं? पुढची मजलिस कट्टरपंथीयांची आली आणि तिच्यातल्या बायकासुद्धा बायकांच्या हक्कांविरुद्ध बोलायला लागल्या. दुसरीकडे एब्तेकार राहिल्या म्हणून काही ठोस गोष्टी झाल्या आणि त्या मोजायला नको असं म्हणणं म्हणजे तेहरानच्या हवेत श्वास घेणाऱ्यांची चेष्टा आहे.

उदाहरणार्थ पेट्रोल. 2010 नंतर निर्बंधांमुळे बाहेरून पेट्रोल मिळेना तेव्हा अहमदीनेजाद सरकारने पेट्रोकेमिकल कारखान्यांतूनच पेट्रोल काढायला सुरुवात केली आणि स्वयंपूर्णता म्हणून ढोल वाजवले. हिवाळ्यात तेहरानवर धुराचं झाकण बसतं, उत्तरेला अलबुर्झचे डोंगर असल्याने हवा हलत नाही, शाळा बंद ठेवाव्या लागतात, हे दरवर्षीचंच आहे. एब्तेकार 2013 मध्ये रूहानींच्या सरकारात परत पर्यावरण खात्यावर आल्या आणि हे पेट्रोल धोकादायक आहे असं त्यांनी उघडपणे म्हटलं. कट्टर मंडळी खवळली, राष्ट्रीय स्वाभिमानावर घाला वगैरे, पण 2014 मध्ये ते पेट्रोल बंद झालं. 2017 ला स्वच्छ हवेचा कायदा आला. तेहरानची हवा आजही वाईटच आहे, त्यात शंका नाही. पण एका उपराष्ट्राध्यक्षाने आधीच्या सरकारच्या अभिमानाच्या प्रोजेक्टला विष म्हणायचं आणि ते थांबवून दाखवायचं, हे इराणमध्ये रोज होत नाही.

चित्त्यांचंही तसंच. आशियाई चित्ता आता फक्त इराणात उरलाय, तोही मोजकाच. 2001 मध्ये, म्हणजे त्यांच्या पहिल्या कारकिर्दीत, संयुक्त राष्ट्रांच्या मदतीने तो वाचवायचा प्रकल्प सुरू झाला. (आपल्यालाही हेच चित्ते हवे होते बरं का, भारताने इराणकडे मागून पाहिले, मिळाले नाहीत, शेवटी 2022 मध्ये नामिबियातून आफ्रिकन आणून कुनोत सोडावे लागले.) त्या चित्त्यांवर काम करणाऱ्या संस्थेच्या कार्यकर्त्यांना जानेवारी 2018 मध्ये रिव्होल्युशनरी गार्डच्या, म्हणजे क्रांतीच्या रक्षणासाठी असलेल्या लष्करी दलाच्या, गुप्तचरांनी हेरगिरीच्या आरोपाखाली उचललं. कॅमेरे लावले होते ना जंगलात, चित्ते मोजायला, तोच पुरावा! त्यातले एक, प्राध्यापक कावूस सय्यद इमामी, फेब्रुवारीत एविन तुरुंगात मेले, अधिकारी म्हणाले आत्महत्या, घरच्यांनी ते मानलं नाही. सरकारच्या स्वतःच्या चौकशीत हेरगिरीचा काही पुरावा नाही असं निघालं. म्हणजे देशाचं सरकार म्हणतंय ही माणसं हेर नाहीत आणि तरी ती आत, काही जण तर 2024 पर्यंत आत. एब्तेकार तेव्हा पर्यावरण खातं सोडून महिला खात्यावर गेल्या होत्या, पण कॅबिनेट तेच होतं.

इथे मला 1979 आठवतो. सरकार सांगतं सोडा, सरकारबाहेरचे सांगतात नाही सोडत. बाझरगानच्या जागी रूहानी, विद्यार्थ्यांच्या जागी गार्डचे गुप्तचर. खेळ तोच आहे, फक्त बाई आता दुसऱ्या बाजूला बसल्या आहेत.

महिला खात्याची त्यांची चार वर्षं, 2017 ते 2021, तर या सगळ्याचा नमुनाच. या खात्याला मंत्रालय नाही, कायदा हवा तर मसुदा करायचा, कॅबिनेटमध्ये पटवायचा, मग मजलिस, मग गार्डियन कौन्सिल. बायकांवरच्या हिंसेविरुद्धचं विधेयक वर्षानुवर्षं न्यायव्यवस्थेकडे अडकलेलं, ते शेवटी जानेवारी 2021 मध्ये कॅबिनेटने मंजूर केलं आणि ऑगस्टमध्ये सरकारच गेलं, बाई पायउतार झाल्या तेव्हा ते कायदा झालेलं नव्हतं. बालविवाहाविरुद्धचं विधेयक 2018 ला मजलिसच्या समितीतच मेलं. नवऱ्याच्या परवानगीशिवाय विवाहित बाईला पासपोर्ट मिळत नाही हा कायदा होता तसाच राहिला, 2015 मध्ये महिला फुटसाल (इनडोअर फुटबॉल) संघाच्या कॅप्टनला नवऱ्याने अडवलं म्हणून ती आशियाई स्पर्धेला जाऊ शकली नाही आणि 2021 मध्ये स्कीइंगच्या कोचचं पुन्हा तेच झालं. ऑक्टोबर 2019 मध्ये आझादी स्टेडियमवर बायकांना मॅच बघायला सोडलं, इराणने कंबोडियाला 14-0 हरवलं, पण ते सोडलं कशामुळे तर महिनाभर आधी स्टेडियमात शिरल्याच्या केसमधल्या एका तरुणीने कोर्टाबाहेर स्वतःला पेटवून घेतलं होतं आणि फिफाने डोळे वटारले होते. खात्याचं त्यात काय कर्तृत्व?

एक मात्र खरंच त्यांच्या खात्यावर जमा करायला पाहिजे, नागरिकत्वाचा कायदा. इराणी बाईने परदेशी माणसाशी लग्न केलं तर मुलांना इराणी नागरिकत्व मिळत नसे, कारण ते बापाकडूनच मिळायचं. गणितज्ञ मरियम मिर्झाखानी, फील्ड्स मेडल मिळवणारी पहिली बाई, 2017 मध्ये गेली तेव्हा लोकांच्या लक्षात आलं की जिच्या फोटोंनी सगळे पेपर भरलेत तिच्या मुलीला इराणचा पासपोर्ट मिळू शकत नाही कारण बाप चेक आहे. पण खरा प्रश्न तिचा नव्हताच, तो अफगाण बापांच्या मुलांचा होता, मशहद, सिस्तान-बलुचिस्तान, तेहरानच्या कडेच्या गरीब वस्त्या, कागद नाही म्हणून शाळा नाही, विमा नाही. हा कायदा 2019 मध्ये झाला. गार्डियन कौन्सिलने त्यात गुप्तचर खातं आणि गार्ड या दोघांच्या सुरक्षा तपासणीची अट घुसवली, म्हणजे पाटकरी इथेही आलाच, पण कायदा झाला. हजारो पोरांना आईच्या नावाने देश मिळण्याची वाट झाली. राजीनामा देऊन हे होणार नव्हतं.

मग तरीही माझं बोट त्यांच्याकडे का? नोव्हेंबर 2019 मुळे. पेट्रोलचे भाव एका रात्रीत वाढवले, लोक रस्त्यावर आले, सरकारने जवळजवळ आठवडाभर इंटरनेट बंद केलं आणि गोळ्या घातल्या, मानवाधिकार संस्था ॲम्नेस्टीच्या मोजणीत तीनशेहून जास्त माणसं मेली, इतर काही आकडे त्याहून खूप मोठे आहेत. ही भाववाढ त्यांच्याच सरकारची. तेहरानच्या खासदार परवाने सलाहशूरी मजलिसमध्ये उभ्या राहून यावर बोलल्या आणि पुढच्या निवडणुकीला उभ्याच राहिल्या नाहीत. एब्तेकार पदावर राहिल्या. महिला खात्याच्या आधीच्या उपराष्ट्राध्यक्ष शाहिनदोख्त मोलावर्दी यांना 2020 मध्ये कोर्टाने तुरुंगवासाची शिक्षा सुनावली, माजी राष्ट्राध्यक्ष रफसंजानींची मुलगी फाएझे हाशमी तर 2012 ला आत जाऊन आली आणि 2022 ला पुन्हा गेली. म्हणजे आतल्या वर्तुळातल्या बायकाही किंमत देत होत्या.

2017-18 च्या आंदोलनात तेहरान विद्यापीठातल्या पोरांनी घोषणा दिली की सुधारणावादी असोत नाहीतर कट्टरपंथी, तुमचा खेळ संपला. मला वाटतं ती घोषणा पेट्रोल बंद केल्याबद्दल किंवा नागरिकत्वाच्या कायद्याबद्दल नव्हती, लोकांना ती कामं कळतात. राग हिशोबाचा आहे. एब्तेकारांनी 2000 मध्ये दूतावासावर पुस्तक लिहिलं, नंतरही मुलाखती दिल्या, आणि प्रत्येक वेळी त्या घटनेचं समर्थनच केलं, 1953 ला अमेरिकेने पंतप्रधान मोसादेकचं सरकार उलथवलं होतं, शहा अमेरिकेत गेला होता, आम्हाला पुन्हा तेच होईल अशी भीती होती. 1953 खरंच झालं होतं, भीतीही खरी होती, ते मी नाकारत नाही. पण अमेरिकेचा हिशोब मांडताना बाझरगानचा हिशोब कुठे गेला? अमेरिकेला उत्तर द्यायचं ठीक, पण स्वतःच्या देशातल्या कायद्याच्या सरकारचं काय झालं हे त्यांनी कधी नीट सांगितलं? अब्दींनी निदान 1998 मध्ये पॅरिसला जाऊन एका माजी ओलिसाशी समोरासमोर बोलायची तयारी दाखवली, माफी नाही मागितली पण बसले तरी.

सप्टेंबर 2022 मध्ये हिजाबवरून पोलिसांनी धरलेली महसा अमिनी गेली आणि पुढचे महिने रस्त्यावर ज्या मुली होत्या त्यांचा जन्म खातमींच्या काळात किंवा नंतरचा. त्यांच्यासाठी "पहिली महिला उपराष्ट्राध्यक्ष" हे वाक्य म्हणजे शाळेतल्या जनरल नॉलेजचा प्रश्न असेल फार तर. 2018 मध्ये राष्ट्राध्यक्षांच्याच कार्यालयाच्या अभ्यासकेंद्राने जुना सर्व्हे प्रसिद्ध केला होता, त्यात जवळजवळ निम्मे लोक हिजाब सक्तीचा नसावा असं म्हणत होते. आकडा सरकारच्या हातात होता, चार वर्षं आधीपासून. त्याचं सरकारने काय केलं? काहीच नाही.

2024 ला राष्ट्राध्यक्ष म्हणून पेझेश्कियान आले आणि पुन्हा बायकांची नावं आली. पर्यावरण खात्यावर शिना अन्सारी, म्हणजे एब्तेकारांचीच खुर्ची, महिला खात्यावर झहरा बेहरूझ आझर, आणि सरकारच्या प्रवक्त्या फातेमेह मोहाजेरानी. बातम्यांत तिघींचे फोटो झळकले. माझं लक्ष मात्र चौथीकडे जातं, फरझाने सादेग, रस्ते आणि शहरविकास मंत्री. हे खरं मंत्रालय आहे, बजेट आहे, कंत्राटं आहेत, गार्डच्या कंपन्या ज्यात हात घालून बसल्या आहेत ती सगळी बांधकामं आहेत, आणि मुख्य म्हणजे बाई मजलिसचं विश्वासमत घेऊन आल्यात, कोणाच्या एका सहीने नाही. खातमी आणि रूहानींना सोळा वर्षांत जे जमलं नाही किंवा करायचंच नव्हतं, ते ही एक नेमणूक करते. मजलिस त्यांना प्रश्न विचारू शकते, महाभियोग आणून पाडूही शकते, आणि मला तरी हे सुरक्षित उपराष्ट्राध्यक्षपदापेक्षा बरं वाटतं.